ढगवळसा

माळशिंगीच्या धावपट्टीवर शलाका भोंडवेचं विमान उतरलं तेव्हा माणसं जमलेली होती, पण ती स्वागताला आलेली नव्हती. विमान थांबतंय तोच एक दगड डाव्या पंखावर येऊन आदळला. मागोमाग उतरलेल्या तन्वीर मुजावरनं आपल्या विमानाचं दार आतून लावून घेतलं आणि बाहेर यायचं नाव घेतलं नाही.

दोघंही शिकाऊ वैमानिक. आज त्यांचं शेवटचं लांबचं उड्डाण होतं. आपापल्या बॅटरीवर उडणाऱ्या विमानातून एकट्यानं माळशिंगी गाठायची आणि तळावर परतायचं. वाटेत एखाद्या ढगाच्या अगदी कडेनं, त्याला न शिवता, गोल फिरायचं. या कसरतीला शाळेत ढगवळसा म्हणत. तो जमला की परवाना हातात. शलाकासारखा देखणा ढगवळसा कोणालाच जमत नसे, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे.

ती खाली उतरली. समोर गावच्या सरपंच इंदूबाई गव्हाणे उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे धावपट्टीवर ट्रॅक्टर आडवा लावलेला होता.

"आता जायचं न्हाई," इंदूबाई म्हणाल्या. "आमचे ढग पळवता अन् वर आमच्याच गावात उतरता?"

"विमानानं ढग पळत नाहीत हो. ते आपोआपच विरतात. आम्ही नुसतं वळायला शिकतो."

"मग तुमच्याकडं ढग न्हाईत का? इथंच कामून वळता? आमी ज्वारी पेरून बसलोय. ढग आला की तुमी त्याच्याभवती घिरट्या घालता, अन् तो विरून जातो. पल्याड तुमची शाळा चालवणाऱ्या कंपनीच्या छाटलेल्या द्राक्षांना पाऊस नको, म्हणून आमाला बी नको काय?"

अडाणी समजुती, असं मनात म्हणत शलाकानं पंखाला किती लागलंय ते पाहिलं, आणि ती तिथंच थबकली. दगडानं मागच्या कडेची पट्टी फुटली होती. उडताना विमानावर साचणारी वीज ही 'निर्भारक' पट्टी हवेत सोडून देते, असं त्यांना शिकवलेलं होतं. तशा पट्टीला बॅटरीची गरज नसते. पण फुटलेल्या पट्टीतून बोटाएवढी जाड तार निघाली होती आणि ती सरळ बॅटरीकडे गेली होती.

वळसा घेताना बॅटरी भराभर का उतरते, असं तिनं एकदा शाळेतल्या शिक्षकांना, कॅप्टन ओगल्यांना, विचारलं होतं. वळायला ताकद लागते, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं. आता तिला कळलं. पट्टी ढगात वीज ओतत होती. सगळ्या थेंबांवर एकाच जातीचा भार बसला की ते एकमेकांना ढकलतात, एकत्र येत नाहीत, मोठे होत नाहीत. मग पाऊस पडणार कुठून? आपल्या त्या देखण्या वळशांची तिला शिसारी आली.

तिनं तन्वीरच्या काचेवर थाप मारली. "तुझ्याही पट्ट्यांत तारा आहेत. उपटून टाक."

"माहीत आहे मला," काच बोटभर सरकवून तो म्हणाला. "परवाना मिळू दे, मग उपटतो."

शलाकानं आपल्या विमानाच्या दोन्ही पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि इंदूबाईंसमोर टाकल्या. "तुमचं खरं होतं. ट्रॅक्टर काढा. आम्ही ढगाजवळ जाणार नाही."

इंदूबाईंचा चेहरा जराही निवळला नाही. "दोघं बी?"

शलाका अडखळली. तन्वीर बधणारा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण तिला इथून निघायचं होतं.

"दोघंही," ती म्हणाली.

ट्रॅक्टर हलला.

वर पोचताच पश्चिमेला ढग दिसला. काळा, भरलेला, गावाकडेच सरकणारा. तन्वीरचं विमान त्याच्याकडे वळलं.

"तन्वीर, मी शब्द दिलाय," ती रेडिओवर म्हणाली.

"तू दिलास. मी नाही."

पाठोपाठ ओगल्यांचा आवाज आला. "शलाका, तुझा वळसा?"

"घेणार नाही, सर."

"मग परवाना विसर."

ती सरळ जात राहिली. तिच्या उजव्या हाताला ढगाची कड उसवू लागली होती. खाली ट्रॅक्टरभोवती माणसं माना वर करून उभी होती. त्यांना दोन्ही विमानं सारखीच पांढरी दिसत असणार. शब्द मोडणारं त्यातलं कुठलं, हे इंदूबाईंना कसं कळणार? आणि कळलं, तरी दोघांचा शब्द दिला होता तो तिनंच ना?