दहा फरश्यांची टेकडी

दहाचे एकशेसाठ होतात का? हातचलाखी करायची नाही, चोरून भर घालायची नाही. नुसत्या दहा वस्तू ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायचं. होतात?

"शक्यच नाही," असं कृत्तिका डोईफोडेने त्या सकाळी छातीठोकपणे सांगितलं असतं. आणि नेमकी म्हणूनच ती रडकुंडीला आली होती.

कृत्तिका राहायची चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वस्तीत. तिथले सगळ्यात जुने यंत्रमानव म्हणजे चिमटेकाका. उजव्या हाताच्या जागी चिमटा, म्हणून नाव चिमटे. चाळीस वर्षं त्यांनी वस्तीचे पाइप जोडले होते, आणि कृत्तिकाने पहिलं पाऊल टाकलं ते त्याच चिमट्याला धरून. आज ते निवृत्त होणार होते.

वस्तीचा नियम सरळ होता. काम करणाऱ्या यंत्रमानवाला वीज वस्तीची. निवृत्त झाला की त्याने आपल्या सौरफरश्यांवर (उन्हापासून वीज करणाऱ्या पातळ लाद्यांवर) चालायचं. त्याला शंभर फरश्या लागत. कमी पडल्या तर बटण बंद आणि रवानगी गोदामात.

वीज कार्यालयाच्या नोंदीत चिमटेकाकांच्या नावापुढे लिहिलं होतं : ठेवल्या, दहा.

"अहो काका, दहाच? चाळीस वर्षं केलंत काय तुम्ही?"

"पाइप जोडले," चिमटेकाका म्हणाले. "कामाला लागलो त्या वर्षी पगाराच्या फरश्यांतून दहा बाजूला काढल्या. पुढे सगळा पगार गुडघ्यांत गेला. एक दुरुस्त केला की दुसरा कुरकुरायचा."

कार्यालयातल्या खवणेकरकाकू महिन्यापूर्वीच पृथ्वीवरून बदलून आलेल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी गोदामाची चिठ्ठीसुद्धा तयार ठेवली होती. तरी नियम म्हणून टेकडीवर जाऊन मोजणी करायची होती. काकूंनी आणि कृत्तिकाने रेडिओ लावलेले अंतराळपोशाख चढवले. सोबत ऐरावत नावाचा दांडगा यंत्रमानवही निघाला. त्यालाही आपल्या फरश्या मोजून घ्यायच्या होत्या.

वाटेत चिमटेकाकांनी कृत्तिकाला विचारलं, "टेकडीच्या पायथ्याशी भट्टी आहे, ती काय करते?"

"चंद्राची माती भाजून नव्या फरश्या करते."

"कशावर चालते?"

"विजेवर. म्हणजे... ठेवलेल्या फरश्यांच्या विजेवर?"

"बरोबर. माझ्या दहा फरश्यांची वर्षभराची वीज भट्टीला दिली, की जवळजवळ पाऊण फरशी तयार होते."

"इतकीशीच?" कृत्तिकाचा चेहरा पुन्हा पडला. "मग दहा वर्षांत झाल्या सात."

"सात झाल्या मूळ दहांच्या. पण नवी फरशी उन्हात गप्प बसून राहते का?"

कृत्तिका थबकली. "नाही! तीही वीज करते. तिच्याही फरश्या होतात!"

"त्या झाल्या तीन. सात आणि तीन दहा. म्हणजे दहा वर्षांत दहाच्या वीस. याला म्हणतात चक्रवाढ (वाढीचीही होणारी वाढ). आता पुढचं तू सांग."

आडनावाला जागून कृत्तिकाने डोकेफोड सुरू केली. वीस वर्षांनी चाळीस. तीस वर्षांनी ऐंशी. चाळीस वर्षांनी... ती ओरडलीच, "एकशेसाठ! काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हिशेब माहीत होता. टेकडीवर काय शिल्लक आहे ते ठाऊक नाही. वरून दगड पडतात, फरश्या फुटतात. मी कधी बघायला गेलो नाही. बघितल्या असत्या तर दोन काढून नवा गुडघा घेतला असता!"

टेकडी चढून वर आले, आणि काकूंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. उतारभर फरश्या चमचमत होत्या. कृत्तिका मोठमोठ्याने मोजू लागली. ऐंशी झाल्या, नव्वद झाल्या. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. शंभर! तिने चिमटेकाकांना मिठी मारली आणि मोजणं विसरली, तेव्हा उरलेल्या फरश्या काकूंनी मोजल्या. एकही फुटली नव्हती. बरोबर एकशेसाठ.

काकूंनी गोदामाची चिठ्ठी टराटरा फाडली.

ऐरावतच्या भरल्या ऐंशी. तो चक्रावला. "मी तर वीस ठेवल्या होत्या. याच्या दुप्पट!"

"कधी ठेवल्यास?" कृत्तिकाने विचारलं.

"वीस वर्षांपूर्वी. आधी चकाकी मारून घेतली, रबरी चाकं घेतली. म्हटलं, सुरुवातीला अशा कितीशा वाढणार? दहाच्या वीस!"

कृत्तिका हिशेबात गढली आणि एकाएकी ताठ उभी राहिली. "अरे, तुझी बुडाली ती सुरुवातीची छोटी वाढ नव्हे, शेवटची मोठी! काकांच्या पहिल्या तीस वर्षांत सगळ्या मिळून सत्तर वाढल्या, आणि शेवटच्या दहाच वर्षांत ऐंशी. सगळ्यात मोठी दुप्पट असते शेवटची. उशिरा सुरुवात केली की ती हातची जाते!"

"शाबास!" चिमटेकाका म्हणाले. "हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. पठ्ठीने सकाळच्या सकाळी उलगडलं!"

"मग माझं काय?" ऐरावतने घाबरून विचारलं.

"काही नाही रे, साडेतीन वर्षं आणखी काम कर. तुझ्याही शंभर होतील," कृत्तिकाने हिशेब करून सांगितलं. मग तिने तिथूनच ताईला फोन लावला. ताई नुकतीच नोकरीला लागली होती आणि सोमवारी तिचा पहिला पगार होता. "ताई, थोडासाच, पण सोमवारीच बाजूला टाक. पुढच्या वर्षी नाही, सोमवारी!"

बारा वाजले. खवणेकरकाकूंनी चिमटेकाकांच्या पाठीतली वस्तीची बॅटरी काढून त्यांच्या फरश्यांवर भरलेली बसवली. कृत्तिकाने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा काकांचे दोन्ही दिवे लख्ख पेटलेले होते. वीज त्यांची होती, सगळी त्यांची स्वतःची. कृत्तिकाला आनंदाने हसावं की रडावं कळेना.

चिमटेकाका वळले आणि टेकडीच्या पलीकडच्या उताराला लागले. तिकडे एकही पाइप नव्हता.

"काका, कुठे निघालात?"

"माहीत नाही!" ते ओरडून म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माहीत नाही. येतेस?"