मागून आणलेला ताप

"सोड ती पुडी... सोड म्हणतो न्हवं!"

शरणप्पाचा आवाज इतका चढला, की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकेही वळून बघू लागली; पण गिरिजेने पुडी सोडली नाही. उलट नवऱ्याच्या मुठीतली ती तापावरची पांढरी भुकटी तिने हिसकावून घेतली, त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली आणि वरून तांब्याभर पाणी सोडले! आत माजघरात त्याची आई, निंगव्वा, दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होती, तिच्या दातांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, अंग बघता बघता तव्यासारखे तापत होते... आणि तिला उतार पडावा म्हणून मुलाने धावत जाऊन आणलेले औषध सुनेने मोरीत वाहून टाकले! सोलापूरच्या मंगळवार पेठेत भांडखोर सुना काही कमी नव्हत्या. पण असली सून पेठेने आजवर पाहिली नव्हती.

"बगितलंस, शरण्या?" आत्या चंद्रव्वा दारातूनच ओरडली. भावजयीच्या आजाराचे ऐकून ती आठवड्यापूर्वी अक्कलकोटाहून आली होती, आणि आल्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीत तिचे नाक होते. "एक दिवसाआड ही अन् वयनी सिद्धेश्वराला जात्यात, अन् परत आल्या की तासाभरात वयनीला हुडहुडी! अय्यो शिवा, देवाच्या दर्शनानं कुणाला ताप येतो व्हय रं? वाटेत काय चारती ही, इचार की!"

शरणप्पाने बायकोकडे पाहिले. चार वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे अशा नजरेने कधी पाहिले नव्हते.

"काय चारलंस अव्वाला?"

"काय न्हाय."

"मग औषध का वतलंस?"

गिरिजेने रिकामा तांब्या उचलून जागेवर ठेवला. हाय रे दैवा! सांगण्यासारखे तिच्यापाशी किती होते... सत्य अगदी ओठांशी येऊन थरथरत होते. पण गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून तिने सासूला वचन दिले होते, आणि ते तिला मोडायचे नव्हते.

"उद्याच्या गाडीनं होटगीला जायचं," शरणप्पा म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि त्याचेच तिला जास्त भय वाटले. "बापाच्या घरी. आईचा जीव घेणारी बाई मला घरात नको."

आता हे सारे उपजले कशातून, ते सांगायला हवे.

दीड महिन्यापूर्वी सासूला न्हाऊ घालताना गिरिजेच्या हाताला उजव्या खांद्यामागे एक गाठ लागली. रामफळाएवढी आणि दगडासारखी टणक! निंगव्वाने ती पाच-सहा महिने पदराखाली झाकून ठेवली होती. "माझी गाठ हाय, तुला काय करायचंय?" म्हणून ती सुनेवर खेकसली. निंगव्वाचे खेकसणे पेठेत प्रसिद्ध होते. तिला पाहून घरच्या दुकानातली घोंगड्यांची गिऱ्हाइके भाव करायला विसरत. पण त्या दिवशी गिरिजा प्रथमच सासूपुढे उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तोंडाने म्हणते कशी, "तुमची गाठ आन् माझी सासू! चला डॉक्टरांकडं, न्हायतर मी जेवणार न्हाय." सासूने दोन वेळा सुनेचे ताट तसेच पडलेले पाहिले आणि तिसऱ्या वेळी लुगडे बदलून तयार झाली.

डॉक्टर मंद्रूपकर मुंबईला शिकून आलेले, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी गाठीचा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला आणि उत्तर आल्यावर चष्मा पुसत बसले.

"कर्करोगाच्या जातीची आहे. मणक्याजवळच्या शिरांना चिकटलीय, कापता येणार नाही," ते म्हणाले. गिरिजेने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "पण एक उपाय आहे. काही रोग्यांना मोठा ताप आला आणि त्यांच्या गाठी विरघळल्या, असं विलायतेत डॉक्टरांनी पाहिलंय. आपल्या रक्तात राखण करणारे बारीक पांढरे कण असतात. बाहेरचे जंतू शिरले की ते धावून जातात. गाठ मात्र आपल्याच मांसातून वाढलेली, म्हणून तिच्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. आम्ही मेलेल्या जंतूंची लस टोचतो. घरात चोर शिरले असं वाटून ते सगळे कण जागे होतात, ताप चढतो, आणि त्या धामधुमीत गाठही त्यांच्या तावडीत सापडते, असं आमचं अनुमान. खात्री देत नाही. सगळ्यांना गुण येत नाही."

"म्हंजी माझे राखणदार झोपल्यात म्हणा की!" निंगव्वा खो खो हसली. खुद्द मरणाच्या दारात बसून ही बाई हसत होती! "टोचा सुई. उठवा मेल्यांना!"

"एक दिवसाआड टोचावी लागेल, दोन-तीन महिने. मध्ये सोडलं तर गाठ पुन्हा वाढेल. आणि बाई," डॉक्टर गिरिजेकडे वळले, "आलेला ताप उतरवायचा नाही. पुड्या नाहीत, थंड पाण्याच्या घड्या नाहीत. एकशे पाचच्या वर गेला तरच मला बोलवा." ताप मोजायची काचेची नळी त्यांनी तिच्या हातात दिली. होटगीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली गिरिजा ती नळी वाचायला अर्ध्या घटकेत शिकली.

बाहेर आल्यावर निंगव्वाचे हसू मावळले. "शरण्याला ह्यातलं काय कळता कामा न्हाय. शपथ घे."

कारण गिरिजेला ठाऊक होते. मानमोडीच्या साथीत, म्हणजे एकोणीसशे अठराच्या इन्फ्लुएंझात, शरणप्पाचे वडील तापानेच गेले. तेव्हा बारा वर्षांचा असलेला शरणप्पा त्यांच्या उशाशी बसून होता. तेव्हापासून तापाचे नाव काढले की त्या धिप्पाड माणसाच्या हातापायांतले त्राण जाई. गिरिजेला साधे पडसे झाले तरी तो दुकान बंद करून तिच्या कपाळाला हात लावून बसे. असा माणूस आईच्या अंगात मुद्दाम ताप भरू देईल? जन्मात नाही! म्हणून तर सिद्धेश्वराच्या दर्शनाचे निमित्त आणि म्हणूनच ते वचन.

आणि गाठ खरोखर विरघळत होती! रामफळाची लिंबाएवढी झाली होती. सासूचे अंग भाजत असताना गिरिजा त्या लिंबाला बोटांनी चाचपी आणि तिच्या हृदयात आनंदाच्या लाटा उसळत... त्याच आनंदावर आता होटगीच्या गाडीची शिट्टी वाजली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताप उतरल्यावर निंगव्वाला सारे कळले आणि ती ताडकन उठून बसली. "शरण्याला आत्ता बोलीव. मीच सांगते. माझ्यापायी तू घर सोडायचंस? चुलीत गेली ती शपथ!"

गिरिजेने सासूचे दोन्ही हात धरले. "न्हाय, अव्वा. सांगितलं तर ते उद्यापासनं एक सुई टोचू द्यायचे न्हाईत. गाठ निम्मी गेलीय... निम्मी! आता थांबायचं न्हाय. माझं काय, मी गळ्यातल्या लिंगावानी तुमास्नी उराशी धरून जाते. तुमी बऱ्या व्हा, मग काय ते सांगा."

"तवर त्येनं तुला परत घेतलंच न्हाय तर?"

गिरिजेने सासूचा पदर सारखा केला.

निंगव्वाने डोळे पुसले आणि असा काही आवाज लावला की चंद्रव्वाच्या हातची वाटी खाली पडली. "जा, जा! तोंड दाखवू नगंस मला!" आणि लगेच सुनेच्या कानाशी, "उद्या. दहाला. सिद्धेश्वरापाशी, तळ्याच्या वाटेवर."

होटगी म्हणजे सोलापूरपासून आगगाडीने एक स्टेशन. गिरिजेचे वडील सिद्रामप्पा तिथे रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते. अवेळी माहेरी आलेली लेक, सुकलेले तोंड, आणि एक दिवसाआड सोलापूरची गाडी धरण्याची घाई... बापाने सगळे पाहिले. "इचारत न्हाय मी," ते एवढेच म्हणाले आणि दर खेपेला गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहू लागले.

इकडे एक नवीच अडचण झाली. देवदर्शनाला निंगव्वाच्या सोबतीला आता चंद्रव्वा! पण निंगव्वाने आयुष्यभर घोंगड्यांची गिऱ्हाइके हाताळली होती. देवळात शिरताच ती कळवळून म्हणाली, "चंद्रव्वा, माझा ताप जावा म्हणून कुणी माझ्या माणसानं दर खेपेला देवाला एकशे आठ फेऱ्या घालाव्यात, असं मला सपान पडलंय. माझं तुझ्याबिगर कोण हाय?" आता ह्याला नाही कसे म्हणायचे! स्थूल चंद्रव्वा धापा टाकत, गुडघ्यांवर हात ठेवत, कळवळून फेऱ्या घाली. आणि तेवढ्यात निंगव्वा बाहेर वाटेवर थांबलेल्या सुनेचा हात धरून टांग्यातून दवाखान्यात जाऊन, सुई टोचून, गाभाऱ्यासमोर हात जोडून उभी असे. "झाल्या का ग फेऱ्या?" असे वर विचारी! टांग्यात सासू-सुना पोट धरधरून हसत. घरातून हाकललेली ती सून त्या तासाभरात जितकी हसली, तितकी सासरच्या चार वर्षांतही हसली नव्हती; मात्र परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसे.

आणि शरणप्पा? गिरिजा गेली, तरी ताप येतच होता. "ती हितं न्हाय, मग आज हुडहुडी कशानं भरली?" त्याने आत्याला विचारले. आत्याने करणी लांबूनही लागते असे सांगितले. पण फेऱ्यांनी ती इतकी दमली होती, की तिच्या बोलण्यात पहिला जोर राहिला नव्हता. शरणप्पाचे मन त्याला खाऊ लागले. दुकानात बसे, घोंगडी उलगडी, तीच पुन्हा घडी घाली. होटगीला जावे असे दहादा वाटे आणि कोणत्या तोंडाने जावे, असे अकराव्यांदा वाटे.

असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी सुई टोचून उठण्याआधीच, दवाखान्यातच, निंगव्वाला हुडहुडी भरली. तिकडे चंद्रव्वाच्या एकशे आठ फेऱ्या संपल्या. बघते तो वयनी गाभाऱ्यापुढे नाही, मंडपात नाही, पायऱ्यांवर नाही... आणि देवळाच्या चारी बाजूंना तळे! ती अनवाणीच पेठेत धावली. "शरण्या! वयनी तळ्यात गेली रं!"

शरणप्पा उघड्या डोक्याने तळ्याकडे धावत सुटला. पाण्याच्या कडेने, हाका मारत, वेड्यासारखा... त्याला असा पाहून वाटेवरच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने टांगा थांबवला.

"अम्मा को ढुंडते क्या, सेठ? तळ्यात कायको बघते? अम्मा तो डाक्टर के इधर है, बहू के संगात. हमारी हमेशा की सवारी है की!"

दवाखान्याचे दार ढकलून शरणप्पा आत आला तो उंबऱ्यातच थिजला. बाकावर आई कुडकुडत होती, आणि गिरिजेने स्वतःच्या अंगावरचे पांघरूण तिला गुंडाळून, लेकरासारखे तिला छातीशी धरले होते. "झालं हं, अव्वा... आता झालं... उठलेत ते राखणदार, गाठीला सोडत न्हाईत बगा..."

डॉक्टरांनी त्याला खाली बसवून सगळे सांगितले. तो ऐकत होता, पण नजर आईच्या थरथरत्या पायांवर होती आणि घाम कपाळावरून निथळत होता. एकाएकी तो गुडघ्यांवर कोसळला आणि ते पाय त्याने घट्ट धरले.

"मला ताप बगवत न्हाय, अव्वा..." तो म्हणाला. "आप्पांच्या कपाळावर घडी ठिवायला तू मला बसवलं हुतंस. दुपारची येळ हुती... माझा डोळा लागला. जागा झालो तर फडकं माझ्या हातात न्हवतं, आन् आप्पा... पंधरा वर्सं झाली. मी झोपलो म्हणून आप्पा गेले, अव्वा!"

निंगव्वाने वाजत्या दातांनीच वाकून त्याचे डोके वर उचलले.

"अरं येड्या," ती त्या थंडीतूनच बोलली, एकेक शब्द तोडत. "फडकं तुझ्या हातनं सुटलं न्हवतं. मी... मी काढून घेतलं. तुझी मान डुलत हुती, दोन दिवस जागा हुतास... म्हणलं लेकरानं झोपावं. शेवटपत्तुर मीच घड्या ठिवत हुते. तुझ्याकडनं काय सुदिक कमी पडलं न्हाय रं, बाळा. हे मनात धरून बसला हुतास? आन् मला बोलला न्हाईस?"

पंधरा वर्षांचे रडणे त्या माणसाच्या डोळ्यांतून एकदम वाहू लागले. गिरिजाही रडत होती. एक हात सासूभोवती, दुसरा नकळत नवऱ्याच्या केसांवर गेलेला. त्याने वर पाहिले.

"गिरिजा... मी तुला घरातनं घालवलं. मला सांगितलं का न्हाईस ग?"

"सांगितलं असतं तर टोचू दिलं असतं का?"

शरणप्पाने प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय."

"मग?" ती म्हणाली, आणि आसवांतूनच तिला हसू फुटले.

हुडहुडी ओसरल्यावर डॉक्टरांनी निंगव्वाच्या खांद्यामागे बोटे फिरवली. पुन्हा फिरवली. मग मागे सरून गिरिजेला म्हणाले, "तुम्ही बघा." गिरिजेने चाचपले. खाली, वर, मणक्याच्या कडेने... ती बोटे त्या गाठीला काळोखातही ओळखत होती. आता तिथे नुसता मऊ, गरम, सुरकुतलेला खांदा होता!

"न्हाय... अव्वा, न्हाय! गेली!"

"खात्री आत्ताच देत नाही," डॉक्टर म्हणाले. पण मोजके बोलणारा तो माणूस चष्मा पुसायचा सोडून हसत उभा होता. "राखणदारांना अजून महिनाभर जागं ठेवावं लागेल. मग वर्षभर बघत राहू."

तेवढ्यात टांगेवाल्याकडून पत्ता कळून, रडत-विव्हळत चंद्रव्वा दारात आली. वयनीला धडधाकट बसलेली पाहून आधी ती मटकन बसली, आणि सगळी हकीगत ऐकल्यावर डोळे पुसून उठली. सरळ गिरिजेपाशी जाऊन तिने तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलांवर बोटे मोडली. "चुकले ग, पोरी. पर माझ्या फेऱ्या बी काय वाया गेल्या न्हाईत, हां!"

"व्हय ग," निंगव्वा म्हणाली, "तुझ्याबिगर मला सुई टोचून घ्यायला सवडच मिळाली नसती."

सगळे हसत असताना शरणप्पाने आईच्या कपाळावर तळहात ठेवला. कपाळ चांगलेच भाजत होते. पण त्याचा हात हलला नाही, तो तिथेच टेकून राहिला.

"पुढली सुई कवा, डॉक्टर?" त्याने विचारले.

"परवा. दहा वाजता."

"आमी तिघं बी येतो," शरणप्पा म्हणाला. "आन् ताप जरा सणसणीत येऊ द्या."