व्हॉल्व्ह, पिस्टन आणि मध्ये मेरिन

पास्कोबाईंच्या दुकानात मुलांच्या खेळायच्या मातीचं एकच पाकीट उरलं होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन घोड्याएवढी माणसं लोंबकळत होती.

"ओ मिस्टर, सोडा. मी आधी हात लावलाय."

"हात लावला असेल. उचललं मी."

"केवढं आहे तुमचं बाळ?"

"बाळ?" तो गडबडला. "इंजिन आहे माझं. आठ सिलिंडरचं."

मेरिनची पकड सैल झाली. ऑस्ट्रेलियातल्या त्या मिल्ड्युरात या मातीला दोनच गिऱ्हाइकं – बालवाडी आणि शर्यतीच्या गाड्यावाले. इंजिनावर मोठ्या व्हॉल्व्हचं, तासून घेतलेलं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, चढवायचं म्हटलं की व्हॉल्व्ह खाली उतरताना आणि पिस्टन वर येताना दोघांत जागा किती उरते ते बघावं लागतं. पिस्टनच्या माथ्यावर माती थापायची, हेड आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं. मग हेड उतरवून दबलेली माती पात्यानं कापून मोजायची. जागा कमी पडली, तर धावत्या इंजिनात दोघांची गाठ पडते. त्यानंतर उरतं ते भंगार.

"निम्मं निम्मं?" तो म्हणाला. हसला की त्याच्या डाव्या गालात किंचित खड्डा पडायचा. त्याचा त्याला पत्ता नव्हता... किंवा चांगलाच होता.

तो टोबिन केसलर, नदीपलीकडच्या द्राक्षवाल्यांचा धाकटा. ती मेरिन डॉईल. बापाची पाठ कामातून गेल्यापासून गॅरेज तीच चालवायची. दुसऱ्या दिवशी तो आपली निम्मी माती परत करायला आला. सोबत अख्खं इंजिन होतं.

"तूच बसव हेड," तो म्हणाला. "माझा हात जड आहे."

"आणि जीभ हलकी."

मार्च उजाडला होता, म्हणजे इकडचा शरद लागला होता. मळ्यांतून वाळत्या मनुकांचा गोडसर वास गॅरेजात यायचा आणि डिझेलच्या वासात मिसळून जायचा. टोबिन उलट्या बादलीवर बसून चहा प्यायचा आणि तिच्याकडे बघायचा.

"बोल्ट आवळताना तू जीभ बाहेर काढतेस."

"आणि तू बघताना तोंड उघडं टाकतोस. माशी जाईल."

"गेली तर गेली... तुझ्याच गॅरेजातली आहे."

एकदा तो घरी गेला तो गालावर तिची ग्रीसनं काळी पाच बोटं घेऊन. त्याच्या आईनं काही विचारलं नाही. फक्त जेवायला पाहुणी कधी येणार, एवढं विचारलं.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "ईस्टरच्या शर्यतीला क्वीन्सलँडच्या एका संघाचा मालक येतोय. पहिल्या तिघांत आलो तर संघात घेईन म्हणालाय."

"मग द्राक्षं?"

"भाऊ बघेल."

"आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. पाना दे."

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी तिनं माती कापली. मोजली. पुन्हा मोजली.

"एक मिलिमीटरसुद्धा नाही, टोबिन. दोन तरी हवेत. पिस्टनला खाचा पाडून आणायला लागतील."

"कुठून?"

"अ‍ॅडलेडहून. उद्यापासून सुट्टी. मंगळवारी उघडतील."

"शर्यत शनिवारी आहे!"

त्यानं तिथल्या तिथे स्वतः सगळं पुन्हा केलं. तिनं मोजण्यापुरता घातलेला, व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भरीव लिफ्टर काढला, इंजिनाचा मूळचा घातला, नवी माती थापली. माती चांगली जाड निघाली.

"हे बघ. तीन!"

"अरे, तुझे लिफ्टर तेलाच्या दाबानं ताठ राहतात. आत्ता दाब कुठाय? स्प्रिंगखाली ते खचतात, व्हॉल्व्ह पुरता उघडतच नाही. म्हणून तर मी भरीव घातला होता."

"माझ्या इंजिनात जे आहे त्यावर मोजायचं की जे नाही त्यावर?" तो हात पुसत म्हणाला. मग हळूच – "मेरिन, खरं सांग. मी जावं असं वाटतं तुला?"

इथे एखाद्या शहाण्या मुलीनं खोटं बोलून मोकळं व्हायचं. पण मेरिनला मोजमापाची सवय.

"नाही वाटत," ती म्हणाली.

"बघ! म्हणून तुझं माप कमी निघतं."

"पण माती..."

"मातीचं सोड गं."

संध्याकाळी भावाला घेऊन त्यानं इंजिन उचलून नेलं. जाताना तिच्याकडे बघितलं नाही. गालाचा खड्डाही घेऊन गेला.

शनिवारी ती गेली. जायचं नाही असं ठरवून गेली. पहिल्या फेऱ्यांत टोबिनची गाडी अशी सुटली, की उभा जन्म अचूक मोजण्यात घालवलेल्या मेरिननं आपलं माप एकदा तरी चुकावं म्हणून देवाला साकडं घातलं. देव डॉईल घराण्याच्या फारसा ओळखीचा नव्हता. टोबिन दुसरा होता. पहिल्याला गाठायला त्यानं सरळ पट्ट्यावर पाय दाबला... आणि पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला. मागोमाग पांढरा धूर. क्वीन्सलँडच्या मालकानं उरलेले तळलेले बटाटे खात नजर दुसऱ्या गाडीकडे वळवली.

ती गाड्यांच्या तळावर गेली तेव्हा तो टायरवर बसला होता.

"म्हण," तो म्हणाला. "म्हण एकदाचं – सांगितलं होतं."

"ते नाही म्हणायचं मला."

"मग?"

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं, ते एकटा जाऊ नयेस असं. विचारलं असतंस तर... मी आले असते."

त्यानं वर पाहिलं. धुळीनं भरलेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे स्वच्छ होते.

"विचारणारच होतो," तो म्हणाला. "जिंकल्यावर."

"आता विचार."

"आता?" तो हसला, पण गालाला त्याचा पत्ता लागला नाही. "आता कुठे न्यायचं तुला?"

टोबिन घरीच राहिला. द्राक्षं बघतो. गाडी बिघडली, की मेरिनचं गॅरेज टाळून ती ओढत शेजारच्या गावी नेतो. रस्त्यात मेरिन दिसलीच तर टोपीला हात लावतो, यंदा ऊन जास्त आहे म्हणतो. ती म्हणते, हो, जास्तच आहे.