तीन कुलपांची पेटी

"आजी, तू भांडायला येणार की नाही, तेवढं सांग," नागसेन म्हणाला.

केसरबाई लसूण सोलत बसल्या होत्या. भांडणाला त्यांना कधी आमंत्रण लागत नसे, पण आज त्या जागच्या हलत नव्हत्या. कासारवाडीतल्या बँकेच्या नव्या इमारतीवर बबनरावांच्या वडिलांच्या नावाची पाटी लागली होती, 'संस्थापक' म्हणून. उद्या तिचा समारंभ. आणि बँक काढली कुणी? केसरबाईंनी! वस्तीतली माणसं कामाला होती त्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा वस्तीतल्या बायांची बचत त्यांनी एका लोखंडी पेटीत जमवली. त्या पेटीचीच पुढे बँक झाली. हे सांगायला गेल्या, तर संचालक बबनराव चारचौघांत हसले होते. "म्हातारे, तुला सही येत नाही. तू काय बँक काढणार?"

ते हसू उतरवायचंच, असं नागसेन आणि त्याच्या वर्गातल्या दीपमाला, पिंकी यांनी ठरवलं. सुट्टीच होती.

तिघं आधी ती पेटी बघून आली. बँकेत हार घालून मांडली होती. आपले वडील रोज संध्याकाळी एकटेच ती उघडत, असं बबनरावांनी ऐटीत सांगितलं. दीपमालाला मात्र खटकलं. पेटीला कुलपं तीन, तिन्ही वेगवेगळी. एकट्या माणसाला तीन कुलपं कशाला?

हे ऐकून केसरबाई पहिल्यांदा हसल्या. "एकटीला उघडता येऊ न्हाई म्हणून. आन् चाव्या दिल्या एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तिघींना. मैत्रिणी संगनमत करतात. वैरिणी कशा करतील?"

एक चावी त्यांच्याच कमरेला होती. दुसरी दीपमालाच्या आजीकडं, सावित्रीबाईंकडं. तिसरी मोशीला राहणाऱ्या हौसाबाईंकडं. बोलावून त्या येणार नव्हत्या. मग पिंकीनं दोघींना जाऊन एवढंच सांगितलं, की तुम्ही चावी हरवली असणार, असं केसरबाई म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दोघी सर्वांच्या आधी हजर.

भाषणं झाल्यावर पिंकीनं समारंभाच्या प्रमुख पाहुण्या बाईंना पेटी आतून बघायची विनंती केली. बबनराव घाईनं म्हणाले, चाव्या वडिलांबरोबरच गेल्या. तेवढ्यात तिघी म्हाताऱ्या एकमेकींना ढकलत मंचावर चढल्या. हौसाबाईंनी कुलपांत खोबरेल सोडलं. खट्. खट्. खट्.

बँकेत तिजोरी आल्यापासून बंद असलेल्या त्या पेटीत एकच वस्तू होती. सावित्रीबाईंचीच आत विसरून राहिलेली मिश्रीची डबी!

"ही तू चोरली म्हणून मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं," सावित्रीबाई पुटपुटल्या.

"आता उलटं सांगत फिर," केसरबाई म्हणाल्या. मग बबनरावांकडं वळल्या. "पाटी उतरव. तुझ्या हातानं."

पाहुण्या बाईंनीही मान हलवली. बबनराव पान्हा घेऊन स्टुलावर चढले. सगळी वस्ती बघत होती. केसरबाईंनी स्टूल घट्ट धरलं.

"सावकाश. पडलास, तर हसायला मजा येणार न्हाई."

खाली सावित्रीबाई तिन्ही पोरांच्या पाठीवर थाप मारत होत्या. "शाब्बास रे. यात एक वैरिणीचा नातू हाय, तरी शाब्बास."