मर्वचं लाल कुलूप

हे घडलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. फेब्रुवारीतलं, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं, म्हणजे भर उन्हाळ्यातलं. त्यामुळे पाहणाऱ्यांना अंधाराचं निमित्त पुढे करता येत नाही. ते सगळे अजून आहेत. विचारलं तर विषय बदलतात.

मर्व ट्रँटर विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांना हाताने काम करायला शिकवायचा. त्याचा शेवटचा दिवस अगदी साधा गेला. मुलं नोकरीच्या मुलाखतींची तयारी करत होती आणि मर्व खोटा साहेब होऊन त्यांना छळत होता. त्याची मुलगी ब्रॉनी त्याचा विसरलेला चष्मा घेऊन आली होती.

"मशीनच्या आत शिरायचंय. भीती वाटते?" मर्वने एकाला विचारलं.

"अजिबात नाही."

"नापास. जा, मेंढ्या राख. ज्याला भीती वाटत नाही, तो कुलूप विसरतो."

मर्वचा नियम होता: आत शिरणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं, म्हणजे तो आत असताना मशीन कोणी सुरू करू शकत नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं.

"आणि तो मेला तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तरी त्यानेच यायचं."

पोरं हसली.

"ही माझी पोरगी," मर्व म्हणाला. "पूल बांधते. पण या प्रश्नाला माझ्या वर्गात कायम नापास. काय गं, आता तरी वाटते भीती?"

"नाही, डॅड. चहा गार होतोय तुझा."

त्या संध्याकाळी घरी जाताना मर्वने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

ते पुन्हा उचललंच नाही.

दफन झाल्यावर नेव्हचा फोन आला. मर्वचा जुना सहकारी.

"तुझ्या बापाचं कुलूप अजून वाऱ्याच्या बोगद्याच्या स्विचवर लटकतंय, ब्रॉनी. मुलांची कामं अडलीत. पण कापायला हात धजत नाही. किल्ली आण."

वाऱ्याचा बोगदा म्हणजे खोलीएवढी लोखंडी नळी. एका टोकाला माणसापेक्षा उंच पंखा. त्याच्या वाऱ्यात मुलं विमानाच्या पंखांचे, पुलांचे नमुने तपासत.

ब्रॉनी वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा किल्ली सहज फिरली. तिने कुलूप खिशात टाकलं. नेव्ह मुलांना बोलवायला गेला.

बोगद्याचं दार उघडं होतं. आत मर्वची टोपी पडली होती.

एका पावलाचं तर काम. ती आत गेली.

मागे दार लागलं...

खट्.

आतून कडी नव्हती. भिंतींना जाड स्पंज. तिने हाक मारली, तर आवाज तोंडाशीच विरला. तिने मुठी आपटल्या. स्पंजने त्याही गिळल्या.

दाराला तळहाताएवढी काच होती. काचेपलीकडे नेव्ह आला. मागून मुलं. दार बंद, कुलूप नाही, ब्रॉनीही गेलेली दिसते, म्हणजे सगळं मोकळं. तो पाठमोरा स्विचकडे निघाला.

ती किंचाळली. कोणी वळलं नाही.

नेव्हचा हात वर गेला.

तिने डोळे मिटले. मागे पंख्याची पाती...

काहीच झालं नाही.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

बोगद्याचं दार लावण्याआधी मर्व अंगठीने असंच पत्र्यावर वाजवायचा. 'आत कोण आहे?' म्हणून.

आवाज दाराकडून नव्हता. पंख्याकडून होता.

तिने मागे पाहिलं नाही.

दार उघडलं. नेव्हचा चेहरा पांढराफटक.

"कुलूप परत कधी घातलंस?"

"मी आत होते, नेव्ह."

"मी हात नेला... आणि ते तिथे होतं. या पोरांनीही पाहिलंय."

मुलं जागची हलली नाहीत. स्विचवर लाल कुलूप लटकत होतं. त्यावर मर्वचं नाव.

ब्रॉनीने खिसा चाचपला. रिकामा.

तिने किल्ली घातली. तीच किल्ली. फिरली नाही. पुन्हा घातली... नाही.

"राहू दे," नेव्ह हळूच म्हणाला. "ज्याचं कुलूप..."



बोगदा तेव्हापासून बंद आहे. कुलूप कापायला कोणी धजत नाही. पंख्याकडे कोण होतं, हे ब्रॉनी आजही स्वतःला विचारत नाही. विचारलं, तर रात्री झोप लागायची नाही.

त्या दुपारी सगळ्यांना बाहेर पाठवून ती एकटीच स्विचपाशी उभी राहिली. कुलूप हातात घेतलं. कोमट होतं. कोणाच्या तरी मुठीत राहिल्यासारखं.

"हो, डॅड," ती मोठ्याने म्हणाली. "मला भीती वाटते."