हिरवे स्फटिक लाल का झाले?

"मावशी, स्फटिक लाल झालेत!"

चंद्रावरच्या वसाहतीतल्या प्रयोगशाळेत मैथिली अतिनील दिवा (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकणारा दिवा) धरून उभी होती. कालपर्यंत त्याखाली हिरवेगार उजळणारे स्फटिक आज लालभडक दिसत होते. याच स्फटिकांचा पडदा आज दवाखान्यातल्या क्ष-किरण यंत्राला बसवायचा होता. जुना पडदा फुटला होता, आणि खड्ड्यात पडलेल्या बाबांचा पाय सुजून टम्म झाला होता. "नुसता मुरगळलाय, उद्या कामावर जातो," असा बाबांचा हेका होता. डॉक्टरांना मात्र हाडाची शंका होती.

विदुलामावशी शास्त्रज्ञ होती आणि घाबरणं तिला जमत नसे. "रंग बदलला म्हणजे आत काहीतरी बदललं. हे कशाचे आहेत, सांग."

"मँगनीजच्या हॅलाइडचे (धातू आणि ब्रोमीनसारखं मूलद्रव्य यांचं संयुग). द्रावण हळूहळू सुकवून आपणच बनवले की!"

"बरोबर. मँगनीजचा अणू मिळालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात परत टाकतो. रंग कोणता, ते शेजारच्या अणूंवर ठरतं. भोवती चार शेजारी असले तर हिरवा, सहा असले तर लाल."

"मग जास्तीचे शेजारी आले कुठून?"

"पाण्याचे रेणू महाआगाऊ. दमट हवा मिळाली की घुसलेच."

"पण आपलं कपाट कोरडं आहे!" मैथिलीने खालचा कप्पा ओढला. आत बटाट्याचे ओले पापड पसरलेले होते.

"वाळवण आहे," घरकाम करणारा यंत्रमानव ढब्बू अदबीने म्हणाला. "बाहेर ऊन आहे, पण हवा नाही. म्हणून सगळ्यात कोरडी जागा शोधली."

मैथिलीला रडू येत होतं आणि मावशीला हसू आवरेना. "अरे शहाण्या, पापडांचं पाणी स्फटिकांनी पिऊन टाकलं!"

"मावशी, तापवले तर पाणी निघून जाईल?"

"करून बघ. आधी चिमूटभरच घे."

मैथिलीने चिमूटभर स्फटिक तव्यावर तापवले आणि दिवा धरला. लाल रंग फिका पडत गेला आणि कडेने हिरवा उमटला. मग तिने सगळेच तापवले. पुन्हा पाणी शिरू नये म्हणून मावशीने त्यातले बरेचसे पारदर्शक प्लास्टिकमध्ये घोळवून त्यांचा पडदा बनवला.

दवाखान्यात क्ष-किरण पडताच पडदा हिरवा उजळला. त्यात बाबांच्या हाडाची काळी सावली होती, आणि घोट्याजवळ तिला छेदणारी एक बारीक उजळ रेघ.

"तडा आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या चालला असतात, तर दोन तुकडे झाले असते."

बाबांनी मान पुढे काढून ती रेघ नीट पाहिली. "माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस गं," ते मैथिलीला म्हणाले.

मैथिलीचं मन मात्र पुढे धावत होतं. "मावशी, उरलेले स्फटिक पाण्याच्या नळांच्या सांध्यांना लावू या? दिव्याखाली जिथे लाल दिसेल, तिथे गळती!"

पायावर नुकतंच घातलेलं प्लास्टर ओलं असतानाच बाबा उठून बसले. "सापडली की मला सांग. पाय बरा झाला की दुरुस्तीला आपण दोघं जाऊ."