गांगुर्डे बाई आणि लाल शाई

उत्पला गांगुर्डेला राग यायला फार मोठं कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण मोठंच होतं.

देवळाली कॅम्पहून नाशिकला निघालेली बस. बाहेर भाद्रपदातली भुरभुर, आत ओल्या छत्र्यांचा वास. उत्पला दांडीला धरून उभी होती. तिच्या शेजारच्या बाकावर एक तरुण बसला होता. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर छापलेले लांबट कागद आणि हातात लाल शाईचं पेन. बस खड्ड्यात आपटली की तो पेन वर उचली, बस सरळ झाली की पुन्हा टेकवी. वेळ जावा म्हणून तिनं त्या कागदांवर नजर टाकली आणि...

‘माही आय इड्या वळती.’

तिच्या डोळ्यांदेखत ‘माही’ची ‘माझी’ झाली. ‘आय’ची ‘आई’. मग ‘विड्या’. मग ‘वळते’. एवढ्याशा ओळीवर चार लाल रेघा!

“थांबा!” उत्पला ओरडली.

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. “कुठं उतरायचंय?”

“तुम्हाला नाही, यांना म्हणतेय. ओ, ते कागद द्या इकडे.”

तरुणानं मान वर केली. “हे प्रेसचे कागद आहेत, बाई. प्रुफं म्हणतात याला.”

“मला ठाऊक आहे काय म्हणतात ते. माझ्या मुलांचं पुस्तक आहे ते!”

“तुमच्या... मुलांचं?” त्यानं जरा चाचरत विचारलं. “किती मुलं आहेत तुम्हाला?”

“पाच!”

“अगं बाई, एवढ्या वयात!” मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली. बस हसली. तो तरुणही हसला, आणि तिथंच त्याचं चुकलं. उत्पलानं त्याच्या मांडीवरचे कागद उचलले आणि बस थांबताच खाली उतरली.

तो मागोमाग उतरला, तो स्वतःची छत्री बसमध्येच विसरून.

आता कागद तिच्या हातात, छत्रीही तिच्याच हातात आणि पाऊस दोघांवर. “भिजतील ते... शाई फुटेल,” तो कळवळून म्हणाला. कागद वाचवायचे तर दोघांनी त्यांच्या दोन बाजूंना उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. अशा रीतीनं त्यांचं पहिलं भांडण एका छत्रीखाली झालं.

“शुद्धलेखन शिकवत नाही का तुम्ही त्यांना?”

“शिकवते. पण हे झुंबरनं लिहिलंय. अकरा वर्षांची आहे ती. तिच्या आईला ती आय म्हणते. तिची आय बदलणारे तुम्ही कोण?”

“मी मुद्रितं तपासतो. अहिरे माझं नाव. बी. एस. अहिरे. चुका काढणं हेच माझं काम आहे.”

“ही चूक नाही!”

“लोक हसतील.”

“हसू देत.”

“हसू देत म्हणणं सोपं असतं,” तो म्हणाला. इतक्या हळू आणि इतक्या रागानं, की उत्पलानं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तो थेंब आपल्याला दिसला, याचा तिला आणखीच राग आला.

उत्पलाच्या रागामागे एक मोडलेलं मनगट होतं. दोन वर्षांपूर्वी ती कॅम्पातल्या आपल्या वसाहतीजवळच्या एका शाळेत तात्पुरत्या जागेवर शिकवायची. तिथं काळू नावाच्या पोरानं कविता म्हणताना ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं, आणि मास्तरांनी लाकडी डस्टर त्याच्या हातावर मारला. एकदा नाही, ‘पाणी’ येईपर्यंत. चौकशी झाली तेव्हा सगळ्या शिक्षकांनी काहीच पाहिलं नव्हतं. उत्पलानं पाहिलं होतं, आणि तिनं ते सांगितलं. पुढच्या जूनपासून तिची जागा उरली नाही.

काळूच्या घरच्यांनी त्याला शाळेतून काढलं. त्याच्यामागून आणखी चार पोरं निघाली. कल्हईवाल्याचा खाजा त्यातलाच, आणि तोफखान्यात खलाशी म्हणून ओझी वाहणाऱ्या सहादूची झुंबरही. उत्पलाच्या घराच्या ओट्यावर त्यांची शाळा भरू लागली. तिथं धड्याचं पुस्तक अपुरं पडायचं, म्हणून उत्पला म्हणाली, “आपणच लिहू. आपलं आपण छापू.” पोरं लिहायला लागली आणि थांबेचनात.

पण सहादूचा धीर सुटत चालला होता. “छापून दाखवा बाई,” तो म्हणाला होता. “नायतर झुंबर तिच्या आयसंगं विड्या वळायला बसंल. शाळा नाय, दाखला नाय, ह्ये शिक्षण तरी कशाचं?”

म्हणून ते पुस्तक गंगापूर रोडच्या एका छापखान्यात गेलं होतं. आणि तिथं हा लाल शाईवाला निघाला!

रविवारी तो छापखान्यातून पत्ता काढून ओट्यावर हजर झाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्रुफांची दुसरी प्रत. “मुलांना समजावून सांगतो,” म्हणाला.

“सांगा की. मीही ऐकते,” उत्पला भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली.

तो चांगलं बोलला. पुस्तकाची भाषा वेगळी, घरची वेगळी, असं काहीबाही. झुंबर मांडी घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “सर, तुमी तुमच्या आयला काय म्हणता?”

अहिरेनं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“सांगा ना,” उत्पला म्हणाली.

“माय,” तो म्हणाला. “मी सटाण्याकडचा. आमच्याकडं ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. माझं नाव भिला आहे. बी म्हणजे भिला.” त्यानं कागदांची चळत उगाच सारखी केली. “नाशिकला वसतिगृहात आलो तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिलो. विषय आई. मी म्हणालो, मनी माय गरीब शे, सकायले उठस... आणि सगळं सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा. पाच वर्षं मला वसतिगृहात ‘शे-शे’ म्हणून हाक मारत होते. तुम्हाला माहीत नाही बाई, कसं हसतात ते. या पोरांना कुणी हसू नये म्हणून मी...”

उत्पलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण या वेळी त्याच्यावर नाही. त्या सभागृहावर, त्या परीक्षकांवर. मिळाले असते तर तिनं एकेकाला धरून उभं केलं असतं.

“पाणी घ्या,” ती म्हणाली. तिच्या तोंडून इतका मऊ आवाज पोरांनी कधी ऐकला नव्हता. खाजानं काळूला कोपरानं ढोसलं.

“मंग माहं तसंच ऱ्हाऊ द्या,” झुंबरनं निकाल दिला. “हसू द्या कुणी बी.”

“माझं शुद्ध करा,” काळू म्हणाला.

“काळू!” उत्पला चमकली. “का रे?”

“मास्तरला दाखवायचंय. एक बी चूक घावली नाय पायजे त्याला.”

काळूनं मास्तरसमोर मान खाली घालावी तसं ते तिला वाटलं. रागानं तिचे कान तापले.

“त्याचं पुस्तक आहे ना?” भिला हळूच म्हणाला. “तुम्हीच म्हणत होतात.”

“कळतं मला!” ती फणकारली. मग काळूजवळ बसली आणि म्हणाली, “चल, ओळ ओळ बघू.”

मग दर रविवारी भिला येऊ लागला. कधी पोरांना घेऊन उत्पला छापखान्यात जाई. भिला पोरांच्या हातात छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे देई, आणि उलटी अक्षरं सुलटी कशी वाचायची ते दाखवी. काळू आपल्या तोफेची गोष्ट स्वतः जुळवायचा. कॅम्पात तोफ उडाली की घरातली भांडी कशी आपोआप वाजतात, त्याची ती गोष्ट.

“तुमच्या गालाला शाई लागलीय,” भिला एकदा म्हणाला.

“कुठं?”

“इथं...” त्यानं स्वतःच्या गालाला बोट लावलं, आणि त्याच्या बोटाची शाई त्याच्याच गालाला लागली.

ती खळखळून हसली. “आता बरोबरी झाली.”

“तुम्ही हसता तेव्हा...”

“तेव्हा काय?”

“काही नाही. ‘हसता’ला काना द्यायचा राहिला इथं,” म्हणत तो कागदात डोकं खुपसून बसला. तो कागद कोरा होता, हे तिनं पाहिलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, दिवाळीनंतर उत्पला छपाई बघायला गेली. पानांचे मोठे ताव, म्हणजे फर्मे, छापून, वाळून थप्पी लागली होती. तिनं वरचाच कागद उचलला.

‘माझी आई विड्या वळते.’

तिनं दुसरा उचलला. तिसरा. झुंबरचं पान न् पान धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं.

“मालक म्हणाले, असली भाषा छापली तर छापखान्याचं हसं होईल,” भिला म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. “मला विचारलं त्यांनी.”

“आणि तुम्ही?”

“हो म्हणालो.”

यंत्र धडधडत होतं, तरी उत्पलाचा आवाज त्याच्या वर गेला. “मालकाचं मला नवल नाही. तुमचं आहे! त्या पोरीनं तुम्हाला तिची आय विश्वासानं दिली होती. तुम्हाला हसले ते लोक वाईटच. पण आज तुम्ही त्यांच्याच बाकावर जाऊन बसलात, अहिरे!”

तिनं तो कागद चुरगळून त्याच्या टेबलावर टाकला आणि निघाली. घरी पोचेपर्यंत ती मनात त्याच्याशी भांडत होती. घरी आल्यावर भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा पातेल्यावर राग काढला. आई विमलाबाईंनी पातेलं हातातून काढून घेतलं. “रडायचं असंल तर रड. भांडी का चेपतीस?”

“मी रडत नाही!” उत्पला म्हणाली, आणि रडली.

दोन रविवार भिला आला नाही. तिसऱ्या रविवारी झुंबरही ओट्यावर दिसेना. झालं, पोर विड्यांना बसली, असं वाटून उत्पला तरातरा तिच्या घरी गेली. झुंबरची आई लताबाई सूप मांडीवर घेऊन एकटीच बसली होती.

“झुंबर? ती छापखान्यात गेली बापासंगं,” लताबाई म्हणाली. “त्ये अहिरे सर आलते. पोरीपुढं बसून म्हणले, माजी चूक झाली, तुज्यावानी धाडस माज्यात नव्हतं. पोरगी म्हणली, मंग पुन्यांदा छापा, मी हुबी ऱ्हाते. सुट्टीच्या दिशी सर सोता जुळवत्यात म्हणं.”

“मला नाही सांगितलं?”

“म्या विचारलं. तर म्हणले, चूक झुंबरची केली, बाईंची नाय. आधी झुंबरची माफी.”

उत्पला पोचली तेव्हा छापखाना बंद होता, मागचं दार तेवढं उघडं. सहादू बाहेर बसला होता. आत भिला बाह्या दुमडून खिळे जुळवत होता, आणि शेजारी झुंबर पोलिसासारखी उभी.

“मालक काय म्हणाले?” उत्पलानं दारातूनच विचारलं.

भिला दचकला. “म्हणाले, नाव काढून टाक छापखान्याचं, मग काय हवं ते छाप. आणि मला म्हणाले, दुसरी नोकरी बघ.”

“मग?”

“बघतोय.” त्यानं एक खिळा उचलला, उजेडात धरला. “तुम्ही अजून रागावलायत?”

“खूप.”

“बरं,” तो म्हणाला. “तिकडचा ‘य’ द्या जरा. ‘आय’ राहिलीय.”

तिनं ‘य’ दिला. बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते लगेच मागे घेतलं नाही. झुंबरनं आढ्याकडे बघितलं.

मार्गशीर्षातल्या कडक थंडीत, वसाहतीच्या समाजमंदिरात पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर पाचही पोरांची नावं. पुढच्या खुर्च्यांवर शहरातले काही पाहुणे, मागे सतरंजीवर सगळी वसाहत. काळूनं तोफेची गोष्ट वाचली, एक चूक न करता. शाळेचे मास्तर बोलावूनही आले नव्हते. काळूनं एक प्रत त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली. “घरी नेऊन देईन,” तो म्हणाला.

मग झुंबर उभी राहिली.

“माही आय इड्या वळती. तिच्या बोटांना तंबाखूचा वास येतो. जेवताना बी येतो...”

खुर्च्यांमधून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एकजण. भिलाचा चेहरा पांढराफटक पडला. उत्पला तिरीमिरीत उठलीच होती. पण झुंबरनं पुस्तक खाली केलं आणि खुर्च्यांकडे सरळ पाहिलं.

“हसून झालं का? मंग पुढं वाचते.”

झुंबरनं पुस्तक पुन्हा वर धरलं. “...मला त्यो वास लय आवडतो. पण मी आयला सांगत नाय, न्हायतर ती बोटं धुयाला लागंल.”

सतरंजीवर बसलेल्या लताबाईनं पदरात तोंड लपवलं. टाळ्या मागून सुरू झाल्या आणि मग खुर्च्यांनाही वाजवाव्या लागल्या. सहादूनं नंतर उत्पलाला गाठून विचारलं, “बाई, दुसरं पुस्तक कवा सुरू करायचं?” त्यातच सगळं आलं.

दुपारी सगळे पांगले. समाजमंदिरात उत्पला आणि भिला तेवढे उरले, आणि ती भली मोठी सतरंजी.

“धरा तिकडून,” ती म्हणाली.

त्यानं दोन कोपरे धरले, तिनं दोन. झटकली, ताणली, आणि दोघं एकमेकांकडे चालत आले. तिनं त्याच्या हातातले कोपरे घेतले. तो मागं सरला, नवी घडी धरली.

“मला मालेगावला काम मिळालंय,” तो म्हणाला. “छापखान्यातच.”

“जा मग.”

“जाऊ?”

“मला कशाला विचारता?” सतरंजी नको इतकी ताणली गेली. “तीन महिने येताय, जाताय. कोऱ्या कागदात डोकं खुपसता. झुंबरची माफी मागता, तिच्या आईशी बोलता, साऱ्या वसाहतीशी बोलता. आणि माझ्याशी...”

“मी भीत होतो.”

“कुणाला?”

“तुम्हाला. तुम्ही फार चिडता.”

“मी चिडत नाही!” ती इतक्या जोरात ओरडली, की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

भिला हसायला लागला. घडीचे कोपरे हातात घेऊन तिच्यापर्यंत आला आणि या वेळी मागं सरला नाही.

“उत्पला... माझ्याशी लग्न कराल?”

सतरंजी दोघांच्या मध्ये होती, धुळीच्या वासाची, जड. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचाही तिला राग येत होता.

“हो!” ती भांडल्यासारखी म्हणाली. “पण मालेगावला नाही. काम इथं शोधा. माझी पोरं इथं आहेत.”

“पाचही?”

“पाचही,” ती म्हणाली, आणि सतरंजीचं ओझं त्याच्या हातात देऊन, हसू लपवायला दाराकडे वळली.